दाखवलेलं मत

विश्वंभर तांदळ्यांना त्या एका मतातून काय काय मिळण्यासारखं होतं, ते आधी सांगतो. राज्यमंत्रिपद. खातं विधी व न्याय, म्हणजे त्यांच्या आवडीचं. ते खातं एरवी कुणी मागत नाही, त्यामुळे द्यायला आम्हालाही जड नव्हतं. कासारगावला शंभर खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. मिसेस तांदळे तिकडे जिल्ह्याच्या कॉलेजात शिकवायच्या, त्यांची मुंबईला बदली. शिवाय पुढच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर आमचा उमेदवार नाही, असा शब्द. आणि हे सगळं सोडून दाजीसाहेब चौबळांना मत दिलं तर काय मिळणार होतं? एक कप चहा. तोही बिनसाखरेचा, कारण दाजीसाहेबांना डायबेटिस होता.

हे सगळं मी त्यांना आमदार निवासातल्या त्यांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर बसून ऐकवलं. ते बनियनवर दाढी करत होते.

"झालं?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"पुरे नाही का एवढं?"

"पुरे काय, जास्तच आहे. एकट्याला एवढं देता राव, बाकीच्यांना काय देता?"

"बाकीच्यांना पक्ष आहे. त्यांच्याकडे नुसतं डोळे वटारून बघितलं तरी भागतं. द्यावं लागतं ते अपक्षाला."

ते हसले, आणि हसताना गाल कापला. तुरटीचा खडा शोधायला त्यांनी खिडकीतली सगळी पुस्तकं हलवली. त्या खोलीत पुस्तकं खिडकीत, खुर्चीवर, टेबलाखाली, आणि कपडे तेवढे दाराच्या खिळ्याला.

मी तेव्हा पक्षाचा सरचिटणीस होतो. नाव मोठं, काम एकच: माणसं मोजायची. कोण आपल्याकडे, कोण पलीकडे, कोण कुंपणावर, आणि कुंपणावरच्याला खाली उतरवायला काय लागेल. एखाद्या वाण्याला दुकानात आलेलं गिऱ्हाईक किती वेळ घासाघीस करणार ते त्याच्या चपला बघून कळतं, तसं मला आमदारांचं कळायचं. बहुतेक आमदार 'पैशाचा विषय नाही' असं म्हणतात तेव्हा पैशाचाच विषय असतो. तांदळे म्हणायचे तेव्हा तो खरोखर नसायचा, आणि त्यामुळे आमची पंचाईत व्हायची.

मूळचे ते राज्यघटनेचे वकील. कासारगावच्या एका कापड दुकानातल्या मुनिमाचा मुलगा, मुंबईत लॉ कॉलेजला आला आणि दाजीसाहेब चौबळांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून राहिला. दाजीसाहेब म्हणजे घटनेच्या खटल्यांतलं मोठं नाव. त्यांनी या मुलाला फक्त वकिली शिकवली नाही. काट्याचमच्यानं खायला शिकवलं, आणि त्याच्या इंग्रजीला हसणाऱ्या कारकुनाला त्याच दिवशी घरी पाठवलं. तांदळे पुढे स्वतःच्या नावानं उभे राहिले, सरकारविरुद्ध दोन-तीन गाजलेले खटले जिंकले, आणि मग कुणी सुचवलं म्हणून गावाकडून विधानसभेला उभे राहिले. दोन्ही बाजूंनी तिकीट देऊ केलं. ते म्हणाले, तिकीट घेतलं की गाडी कुठं न्यायची ते तुम्ही ठरवणार. अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. सभागृहात एकदा आमच्या बाजूनं मत देत, एकदा विरुद्ध. प्रत्येक वेळी कारण सांगत. कारण सांगणाऱ्या आमदाराचा मला फार त्रास होतो.

त्या साली राज्यसभेची निवडणूक लागली. आमदारांनी मत द्यायचं, खासदार निवडायचे. बाकीच्या जागा आधीच पक्क्या होत्या. शेवटच्या एका जागेला आमच्याकडून रमाकांत शिंगोटे, सिमेंटचे व्यापारी. समोरच्या आघाडीकडून दाजीसाहेब चौबळ. मी सगळी बेरीज-वजाबाकी करून बसलो होतो. तांदळ्यांचं मत दाजीसाहेबांना पडलं तर दाजीसाहेब, नाही पडलं तर शिंगोटे. तिसरा प्रकार नव्हता.

"मी शब्द दिलाय त्यांना," तांदळे गालाला तुरटी लावत म्हणाले.

"त्यांनी मागितला?"

"नाही. ते म्हणाले, विश्वंभर, मला दिल्लीत सहा वर्षं बोलायचंय, बाकी काही नको. तेव्हा मीच म्हटलं, माझं मत तुमचं."

"म्हाताऱ्याला बोलायला आझाद मैदान आहे की."

"राऊळ, चहा घेऊन जा. पण तो मीच मागवणार, तुमची माणसं इथं बोलावू नका. नाहीतर दारात पेपरवाले उभे करून ठेवाल."

माणूस भोळा नव्हता. फक्त विकाऊ नव्हता. या दोन गोष्टी एकच आहेत असं समजणाऱ्यांनी आमच्या धंद्यात पडू नये.

तिथून मी सरळ मंत्रालयात गेलो, आरोग्यमंत्र्यांकडे.

"कासारगावच्या रुग्णालयाचा जीआर काढा."

"आला का तांदळे आपल्यात?"

"नाही."

"मग कशाला काढू?"

"म्हणूनच काढा. आजच्या आज."

ते माझ्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "भाड्या," ते प्रेमानं म्हणाले, आणि सचिवांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मतदानाच्या आदल्या सकाळी, सगळ्या पेपरांत बातमी होती. कासारगावला शंभर खाटा मंजूर. कुणी कशाच्या बदल्यात असं एका शब्दानं लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

नऊ वाजता तांदळ्यांचा फोन आला.

"हे काय आहे?"

"रुग्णालय."

"मी तुमच्याकडे मागितलं नव्हतं."

"तीन वर्षं सभागृहात घसा फोडून मागताय. मिळालं तर म्हणता मागितलं नव्हतं."

"मतदानाच्या आदल्या दिवशी?"

"मग परत घेऊ? सांगा. संध्याकाळपर्यंत रद्द करतो. पेपरात तेही छापून येईल, तांदळ्यांनी नको म्हटलं म्हणून."

कासारगावात तेव्हा अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यायचे, आणि वाटेतल्या एका नाल्याला लोक बाळंतिणीचा नाला म्हणायचे. ते नाव विधानसभेत पहिल्यांदा तांदळ्यांनीच उच्चारलं होतं. मी गॅलरीत बसून ऐकलं होतं.

"नको," ते म्हणाले.

"नको म्हणजे? रुग्णालय नको?"

"रद्द करू नका." आणि फोन ठेवला.

आमच्याकडून त्यांनी घेतलं ते एवढंच.

दुपारी ते दाजीसाहेबांकडे जाऊन आले, हे मला कळलं. काय बोलणं झालं तेही कळलं, कारण बोलणं फारसं झालंच नव्हतं. दाजीसाहेब म्हणाले, "अभिनंदन. तुझ्या गावाचं काम झालं." तांदळे म्हणाले, "मतावर त्याचा काही परिणाम नाही." दाजीसाहेब म्हणाले, "मी विचारलं का?" मग दोघांनी चहा घेतला. तोच, बिनसाखरेचा.

इथे एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. राज्यसभेच्या मतदानात पक्षाच्या आमदारानं आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून मग पेटीत टाकायचं असतं, म्हणजे कुणी फुटत नाही. अपक्षाचं उलट. त्यानं कुणालाही दाखवायचं नाही. दाखवलं की मत रद्द. गंमत अशी, की या नियमावरचा एक खटला याच दोघांनी पूर्वी लढवला होता. दाजीसाहेब उभे, मागे कागद पुरवायला तांदळे. एका अपक्षानं आपलं मत दाखवलं होतं आणि ते मोजलं गेलं होतं. यांनी ते रद्द करून घेतलं. मी तेव्हा कोर्टात नुसता ऐकायला बसलो होतो. दाजीसाहेबांचं एक वाक्य मला अजून आठवतं: "ज्याच्या मतावर दुसऱ्याचे डोळे आहेत, तो अपक्ष नाही." ते वाक्य ज्युनिअरनं लिहून दिलं होतं, असं पुढे दाजीसाहेबच चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

मतदान विधान भवनातल्या एका लांबट खोलीत होतं. एका टोकाला पडदा लावलेला आडोसा. आमदारानं तिथं जाऊन मतपत्रिकेवर पसंतीचा आकडा घालायचा. दुसऱ्या टोकाला मतपेटी. मधल्या वाटेला एका अंगानं आमची टेबलं, पक्षांच्या प्रतिनिधींची, आणि त्यांच्याच ओळीत उमेदवारांच्या खुर्च्या. माझ्या टेबलाला लागून दाजीसाहेबांची खुर्ची होती. काळा कोट, पांढरे केस मागे वळवलेले, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. शिंगोटे आले होते. पण फोनवर बोलायला सारखे बाहेर जात होते.

"काय म्हणतो तुमचा आकडा, राऊळ?" दाजीसाहेबांनी समोर बघतच विचारलं.

"आकडा काय, जमतोय."

"माझाही जमतोय. दोघांचा जमतो म्हणजे एकाची शाळा बुडालेली दिसते."

आमचे आमदार येत होते, मला मतपत्रिका दाखवत होते, पेटीत टाकत होते. सकाळभर मी माना डोलावत होतो. दुपारच्या जेवणाआधी तांदळे आले. खोलीतली कुजबुज थांबली. त्यांनी मतपत्रिका घेतली, आडोशाला गेले. फार वेळ लागला नाही. घडी घालून बाहेर आले आणि पेटीच्या दिशेनं चालायला लागले.

तेव्हा दाजीसाहेबांनी कोटाच्या खिशातून चष्म्याचं घर काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

एवढंच. बोलले नाहीत, खुणावलं नाही. सकाळपासून तो चष्मा खिशातच होता, हे मी बघितलं होतं.

तांदळे थांबले. आधी चष्म्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, आणि परत चष्म्याकडे. त्यांच्या तोंडावर रागाचं काही नव्हतं. कोर्टात समोरच्या वकिलानं एखादा भलताच कागद पुढे केल्यावर असतं तसं काहीतरी होतं. मग दोन पावलं पुढे येऊन दाजीसाहेबांच्या अगदी समोर उभे राहिले. मतपत्रिकेची घडी उघडली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. लायब्ररीत पुस्तक धरावं तशी.

मला दूरचं आजही स्वच्छ दिसतं. चौबळांच्या नावापुढे एकचा आकडा होता.

त्यांनी घडी केली आणि पेटीकडे वळले. मी उभा राहिलो.

"हरकत आहे."

निवडणूक अधिकारी देवस्थळी मॅडम होत्या, सरळ नाकाच्या आणि सरळच बोलणाऱ्या. त्यांनी तांदळ्यांना पेटीपाशी अडवलं. "काय हरकत?"

"अपक्ष सदस्यांनी मतपत्रिका दाखवली."

"कुणाला?"

"शेजारी बसलेल्या उमेदवारांना."

खोलीत एक कॅमेरा होता. पण तो मतपेटीकडे तोंड करून. तांदळे थांबले ती जागा त्याच्या मागच्या बाजूला. म्हणजे पुरावा काय, तर मी. आणि मी विरुद्ध पक्षाचा, त्यात वसंत राऊळ. माझ्या एकट्याच्या शब्दावर देवस्थळी बाईंनी कुणाचं मत रद्द केलं नसतं. तांदळ्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी मत पेटीत गेलं असतं आणि दाजीसाहेब दिल्लीला. त्या खोलीत हे सगळ्यांत चांगलं कुणाला कळत होतं, ते सांगायला नको.

बाईंनी काही विचारायच्या आत दाजीसाहेब बोलले. "मी काही पाहिलं नाही, मॅडम."

"चष्मा तर आत्ताच लावलात," मी म्हटलं.

"लावला. तरी पाहिलं नाही. माझं म्हणणं नोंदवून घ्या."

तांदळे त्यांच्याकडे वळले. ते बघणं मी विसरलेलो नाही, पण त्याचं वर्णन करता येत नाही. दिवा गेल्यावर माणूस दिव्याकडे बघतो तसं होतं.

"श्री. तांदळे," बाई म्हणाल्या, "तुम्ही मतपत्रिका कुणाला दाखवलीत का?"

"दाखवली."

"विश्वंभर!" दाजीसाहेब.

"दाखवली मॅडम. उघडून, समोर धरून दाखवली. नियम मला माहीत आहे. रद्द करा."

बाईंनी हात पुढे केला. मतपत्रिका एका वेगळ्या पाकिटात गेली, पाकिटावर लाख लागली, सह्या झाल्या. दाजीसाहेब टेबलावर चष्म्याचं घर शोधत होते. त्यांचा हात दोनदा त्याच्यावरून गेला आणि तरी त्यांना ते सापडलं नाही. मला वाटलं, म्हातारा हादरला. शेवटी मीच ते उचलून त्यांच्या हातात दिलं.

बाहेर तांदळे पाण्याच्या कूलरपाशी उभे होते. पेला भरला होता आणि तसाच हातात होता. जिंकल्यावर हरलेल्याशी दोन शब्द बोलायची माझी पद्धत आहे. पुढे उपयोगी पडतात.

"नाही म्हटलं असतं तर माझं काही चाललं नसतं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

"ते खोटं बोलले, राऊळ. माझ्या समोर. नोंदवून घ्या म्हणाले." त्यांचा आवाज सपाट होता, पावती वाचून दाखवावी तसा. "एका जागेसाठी. मला वाटलं होतं..." वाक्य त्यांनी सोडून दिलं.

"पण मुळात दाखवलंतच का?"

"त्यांनी चष्मा लावला ना," ते म्हणाले. पेला तसाच कूलरवर ठेवला आणि जिन्यानं खाली गेले.

शिंगोटे निवडून आले. आमच्याकडे पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी माझ्या कल्पनेपेक्षा चांगलं काम केलं. गुरूला मत द्यायचं नव्हतं, उघड विरोधात जायचंही नव्हतं, म्हणून नियम कोळून प्यालेल्या वकिलानं स्वतःच स्वतःचं मत बाद करून घेतलं. शंभर खाटा आधीच पोचल्या होत्या. इतकी नीटनेटकी गोष्ट होती की मी स्वतः तिथं नसतो तर माझाही विश्वास बसला असता. तांदळ्यांनी खुलासा केला नाही. त्यांना विचारायला गेलेल्या एका पत्रकाराला ते म्हणाले, "मत गुप्त असतं." तो हसला आणि तेच वाक्य मथळ्याला घातलं.

पाच-सहा महिन्यांनी मी दाजीसाहेबांच्या घरी गेलो, पार्ल्याला. पक्षाच्या एका खटल्यात सल्ला हवा होता. ज्याला पाडलं त्याच्याकडे सल्ल्याला जायला लाज कशी वाटली नाही, असं लोक विचारतात. वाटली असती तर दुसऱ्या वकिलाकडे गेलो असतो, आणि तो एवढा चांगला नसता.

ते आरामखुर्चीत होते, डोळ्यांवर काळा मोठा चष्मा. सून बाटलीतून थेंब घालत होती.

"कोण, राऊळ का? या. आवाजावरून कळलं. हा दुसरा डोळा. पहिला गेल्या महिन्यात झाला."

"मोतीबिंदू?"

"पिकून गेला होता. डॉक्टर वर्षभर मागे लागले होते. म्हटलं, उमेदवारी तोंडावर, आता डोळे बांधून बसलो तर सगळे म्हणतील म्हातारा संपला. निवडणूक होऊ दे, मग करू." त्यांनी सुनेला जायची खूण केली. ती आत गेल्यावर म्हणाले, "तुम्ही माझ्या शेजारी होतात त्या दिवशी."

"होतो."

"त्यानं कुणाला दिलं होतं?"

"तुमच्या तोंडासमोर धरलं होतं त्यांनी."

"पांढरं काहीतरी दिसलं. मला तुमचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं, राऊळ, तुम्ही हातभर अंतरावर होतात."

"मग चष्मा कशाला लावलात?"

"तो येतोय हे चालण्यावरून कळलं. वीस वर्षं माझ्यामागून कोर्टात चालत होता. वाटलं, जाताना चेहरा दिसला तर बघावा. आदल्या दिवशी सुनेनं ते रुग्णालयाचं वाचून दाखवलं होतं. मनात आलं, चेहरा दिसला तर कळेल." त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि परत ठेवला. "दिसला नाही."

घरात कुठंतरी कुकरची शिटी झाली. त्या वेळी मी काहीही सांगू शकत होतो. मला त्यात नफा नव्हता, तोटा नव्हता. निकाल लागून गेला होता, शिंगोटे दिल्लीत होते. असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार आलेले नाहीत.

"तुम्हालाच होतं," मी म्हटलं.

"काय?"

"मत. तुमच्या नावापुढे एक. मी बघितलं."

ते हसले, पण ते कोर्टातलं हसणं होतं, साक्षीदार पकडल्यावरचं.

"आज कशासाठी आलात तुम्ही?"

"सल्ला हवा होता."

"म्हणजे काम आहे."

"काम आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"माझ्याकडे काम आहे, आणि माझ्या कानाला गोड लागेल ते सांगताय. वा." त्यांनी मान मागे टेकवली. "मत मला होतं, तर पेटीत टाकायचं सोडून त्यानं ते मारलं कशाला? मी 'पाहिलं नाही' म्हटलं, खरं तेच म्हटलं, तरी 'दाखवली, रद्द करा' म्हणाला. का?"

"तुम्ही खोटं बोललात असं त्यांना वाटलं."

"माझ्याबद्दल? विश्वंभरला?" ते एकदम ताठ बसले. "राऊळ, एवढं तरी बरं रचायचं. द्या ते कागद. वाचून दाखवा."

मी कागद वाचून दाखवले. त्यांनी सल्ला दिला. नेमका, पूर्ण, कुठंही हात न आखडता. फीही पूर्ण घेतली. निघताना मी जिन्यात होतो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, सुनेला विचारत होते, "गेला का तो?"

त्याच्या पुढच्या वर्षी हिवाळ्यात दाजीसाहेब गेले.

शोकसभा वकिलांच्या लायब्ररीत होती. तोवर विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती. तांदळे पडले होते. रुग्णालयाचं बांधकाम पहिल्या मजल्यापर्यंत आलं होतं, आणि ते बघत बघत लोकांनी विकला गेलेला माणूस म्हणून त्यांच्याविरुद्ध मतं टाकली होती. ते पुन्हा वकिलीत आले होते. पण घटनेच्या खटल्यांना अशील आधीच थोडे, आणि जे असतात त्यांना वकील धुतल्या तांदळासारखा लागतो. सभेत त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही. मागच्या कपाटापाशी उभे होते. सभा संपल्यावर लोक त्यांना वळसा घालून बाहेर पडत होते, खोलीतल्या खांबाला घालतात तसा.

मी त्यांच्याजवळ गेलो. "दाजीसाहेबांना मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. तुम्ही धरलेलं त्यांना दिसलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मतदानाआधी ऑपरेशन करायचं टाळलं होतं त्यांनी. मीच ऐकलंय त्यांच्या तोंडून. ते खोटं बोलले नव्हते."

"चष्मा लावला होता," तांदळे म्हणाले.

"तुमचा चेहरा बघायला लावला होता. मतपत्रिका नाही."

शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. तांदळे त्या खुर्च्या बघत राहिले. त्यांचा चेहरा मी नीट बघितला, सवयच आहे. त्यावर काहीच आलं नाही. डोळ्यांत पाणी नाही, ओठ हलला नाही. कोर्टानं तारीख दिली की वकील डायरीत लिहून घेतात, तसं त्यांनी ते कुठंतरी आत लिहून घेतलं असावं.

"तुम्ही त्यांना भेटला होतात," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मत कुणाला होतं, ते सांगितलंत?"

"सांगितलं."

"त्यांनी मानलं?"

आयुष्यभर मी समोरच्याला काय ऐकायचंय ते आधी बघत आलो, आणि त्याची किंमत लावून मग दिलं. या वेळी किंमत लावली नाही.

"मानलं," मी म्हटलं. "म्हणाले, मला माहीत होतं."

तांदळे माझ्याकडे बघत होते. उलटतपासणीत नाव काढलेला माणूस. पुढचा प्रश्न काय, हे मलासुद्धा कळत होतं. ते नेमकं कसं म्हणाले? कुठल्या शब्दांत? मी उत्तर तयार ठेवलं होतं.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. "बरं," म्हणाले, काळा कोट हातावर घेतला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेले. नंतर आमची भेट नाही.

आता हिशेब. शिंगोट्यांना सहा वर्षं दिल्ली मिळाली. तिथं ते एकदाच बोलले, माईक बंद आहे असं. मला एका महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं, लाल दिव्यासकट. कासारगावला रुग्णालय मिळालं. कोनशिलेवर आरोग्यमंत्र्यांचं नाव आहे, शिंगोट्यांचं आहे, खाली बारीक अक्षरांत माझंही आहे, आणि बाळंतिणीच्या नाल्याला आता लोक नुसता नाला म्हणतात. दाजीसाहेब आपल्याला शिष्यानं विकलं, असं धरून गेले. तांदळ्यांची आमदारकी गेली, अशील गेले, आणि गुरू खोटं बोलला म्हणून दोन वर्षं धरून ठेवलेला राग होता, तोही मी त्या दिवशी काढून घेतला.

सगळं त्या दोघांनीच भरलं. मला काही द्यावं लागलं नाही.